एकाच औषधाचा भरवसा गव्हाला महागात पडला

कापडाच्या व्यापाऱ्याला गव्हातल्या गवताशी काय देणेघेणे, असा सवाल कोणी करील. पण ज्यांचा माल उत्तरेकडे जातो, किंवा जे पानिपतहून ब्लँकेट, चादरी, खेस आणतात, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. पंजाब-हरियाणाच्या बाजारात पैसा खेळतो तो एप्रिलमध्ये गहू मंडीत उतरल्यावर. गहू चांगला पिकला तर दुकानदाराची उधारी चुकती होते, लग्नाची खरेदी निघते, मालाला उठाव येतो. गव्हाने मार खाल्ला तर वसुली थेट पुढच्या हंगामावर जाते.

पानिपतपासून करनाल जी. टी. रोडने जेमतेम पस्तीस किलोमीटर. त्याच करनाल, कुरुक्षेत्र, कैथलच्या पट्ट्यात १९९० नंतरच्या काही वर्षांत एका गवताने गव्हाला असे घेरले की, कित्येक शेतकऱ्यांनी दाणे भरण्याआधीच उभे पीक कापून जनावरांपुढे टाकले. बियाणे, खत, पाणी, डिझेल, मजुरी, सगळा खर्च होऊन बसलेला आणि हाती आला फक्त हिरवा चारा. हे का झाले, त्यातून तिथले लोक कसे बाहेर पडले आणि पुन्हा त्याच खड्ड्यात कसे गेले, हे धंदा करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

गव्हाच्या वेषातला चोर

या गवताचे शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. हरियाणात त्याला मंडूसी म्हणतात, पंजाबात गुल्ली डंडा. उत्तरेत कुठे कुठे ‘गेहूं का मामा’ असेही म्हणतात आणि हे नाव त्याला शोभते, कारण कोवळेपणी ते अगदी गव्हाच्या घरातले वाटते. तेच पाते, तोच रंग. जाणता शेतकरी बुडखा पाहतो. मंडूसीचा बुडखा लालसर असतो. बाकीच्यांना ओळख पटते ती लोंबी बाहेर आल्यावर आणि तोवर त्याने गव्हाचे खत-पाणी खाऊन झालेले असते.

त्याची दुसरी चलाखी बियांची. एका लोंबीत शेकडो बारीक बिया धरतात आणि गव्हाची कापणी होण्याआधीच त्यातल्या बहुतेक जमिनीवर झडतात. पावसाळ्यात त्याच शेतात भाताचा चिखल होतो. त्या चिखलातही हे बी तग धरते. भात निघाला, थंडी पडली, गव्हाला पहिले पाणी मिळाले की ते जोरात उगवते. भातानंतर गहू, गव्हानंतर भात, असे वर्षानुवर्षे चालले की मंडूसीचे जणू राज्यच होते.

एक औषध, दहा-पंधरा हंगाम

१९८० च्या आसपास आयसोप्रोट्युरॉन नावाचे तणनाशक या भागात पसरले. स्वस्त होते आणि एका फवारणीत गवत साफ होत असे. निंदणीची मजुरी वाचली. शेतकरी खूष, औषध विकणारा दुकानदारही खूष. मग दहा-पंधरा वर्षे त्याच जमिनीवर, त्याच पिकात, तेच औषध पडत राहिले. काहींनी तर पंपाने फवारण्याची तसदीही घेतली नाही. वाळूत किंवा युरियात कालवून हाताने फेकले.

१९९० नंतर तक्रारी सुरू झाल्या की, औषध मारूनही गवत मरत नाही. पहिला संशय भेसळीवर गेला. बाजारात बनावट माल असतोच, त्यामुळे संशय अगदीच चुकीचा नव्हता. शेतकऱ्यांनी दुप्पट डोस घातला. तरी गवत उभेच. मग हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातले डॉ. आर. के. मलिक व त्यांचे सहकारी यांनी तपासणी करून दाखवून दिले की औषध अस्सल असले तरी उपयोग नाही. गवतच आता त्याला दाद देत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक म्हणतात, गवताला औषधाची सवय झाली. तसे नसते. लाखो रोपांत एखादे रोप जन्मतःच औषध पचवणारे असते. फवारणीत बाकीची मरतात, ते एकटे उरते आणि बी टाकते. पुढच्या वर्षी त्याची संतती वाढते. पुन्हा तेच औषध मारले की पुन्हा तीच संतती उरते. आपण दरवर्षी फवारणी करून कमजोर गवत निवडून काढतो आणि जबरदस्त गवताला रान मोकळे करून देतो.

गहू स्वतः आयसोप्रोट्युरॉनने का मरत नाही? कारण तो ते औषध आपल्या अंगात मोडून निकामी करतो. जी मंडूसी तग धरून राहिली, तिच्यात हाच हुन्नर होता. मग डोस वाढवून काय साधणार? गवत जगते आणि जास्त डोसाने उलट गव्हालाच झळ लागते.

नवीन औषध, जुनी चूक

१९९७-९८ च्या सुमारास नवीन औषधे आली: क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन. गवत पुन्हा मरू लागले, गव्हाचे उत्पन्न सावरले, सर्वांनी सुटकेचा श्वास घेतला. पण धडा कोणी घेतला नाही. जुन्या एका औषधाची जागा नव्या एका औषधाने घेतली, इतकेच. २००८ मध्ये करनालच्या गहू संशोधन संस्थेतील छोकर आणि शर्मा या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवले की, एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारी मंडूसी तयार झाली आहे आणि देशाच्या गव्हाला तिचा धोका आहे. त्यानंतर आलेल्या पिनॉक्साडेनलाही दाद न देणारे गवत काही शेतांत सापडले.

खते-औषधांचे दुकान चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डबा बदलला म्हणजे औषध बदलले असे होत नाही. क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि पिनॉक्साडेन ही तिन्ही एकाच गटातली. गवतात एकाच ठिकाणी घाव घालतात. सल्फोसल्फ्युरॉन आणि मेसोसल्फ्युरॉन दुसऱ्या गटातली. गिऱ्हाइकाला गेल्या वर्षी एका गटातले दिले असेल तर यंदा दुसऱ्या गटातले द्यायला हवे. त्यासाठी कंपनीचे नाव नव्हे, डब्यावरचे मूळ घटकाचे नाव वाचावे लागते.

उपाय औषधाच्या डब्याबाहेर

ज्यांनी या गवताला आवरले, त्यांनी औषधाबरोबर शेतीची रीतही बदलली.

पहिला उपाय वेळेचा. मंडूसीला उगवायला थंडी लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गहू पेरला तर थंडी वाढण्याआधी तो जमीन झाकून घेतो. मागून उगवणाऱ्या गवताला मग ऊन आणि जागा कमी मिळते. ओळी जवळ ठेवल्या आणि बियाणे थोडे जास्त टाकले तर हा फायदा वाढतो.

दुसरा उपाय विना नांगरणीचा. भात निघाल्यावर जमीन न नांगरता, खास पेरणीयंत्राने धसकटांतच गहू पेरायचा. नांगरणीने खोल गाडलेले बी वर येते; नांगरलेच नाही तर ते खालीच राहते. शिवाय डिझेल वाचते आणि पेरणी लवकर होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी हरियाणात हे यंत्र चालू लागले आणि पुढच्या काही वर्षांत लाखो एकरांत पसरले. कारागीर वाचकांसाठी यातली खास गोष्ट अशी की, ही यंत्रे बहुतांशी पंजाब-हरियाणातल्या छोट्या कारखान्यांत बनली. उलट्या ‘टी’ आकाराचा फाळ, जो जमीन उलथत नाही, फक्त चीर पाडतो, हे त्याचे मर्म. पुढे पेंढा न जाळता त्यातूनच पेरणारा हॅपी सीडर आला. त्यात पेंढ्याचे आच्छादन गवताला दाबून ठेवते.

तिसरा उपाय पीक बदलण्याचा. दोन-तीन वर्षांतून एकदा गव्हाऐवजी बरसीम, म्हणजे चाऱ्याचे घास-पीक, घेतले की त्याच्या वारंवार कापण्यांत मंडूसीही बी धरण्याआधी कापली जाते. ऊस, बटाटा, सूर्यफूल यांनीही तिची साखळी तुटते.

याशिवाय, पेरणीपूर्वी पाणी देऊन गवत उगवू द्यायचे आणि ते मारून मग पेरायचे. बियाणे चाळून स्वच्छ घ्यायचे. फवारणीतून वाचलेली रोपे लोंबी येण्याआधी हाताने उपटायची. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे, कारण वाचलेले रोप म्हणजे पुढच्या वर्षीच्या संकटाचे बियाणे. पेंडीमिथॅलिन किंवा पायरोक्सासल्फोनसारखे उगवणीपूर्वीचे औषधही कामाला येते. औषध कोणतेही असो, पूर्ण पाणी, पट्ट्यासारखा सपाट फवारा देणारा नोझल आणि ठरलेला डोस, यांत काटकसर करू नये.

ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांवरही अशीच वेळ आली. तिथे रायग्रास नावाचे गवत औषधांना जुमानेना. तेव्हा रे हॅरिंग्टन या शेतकऱ्याने कापणीच्या वेळी भुशाबरोबर निघणारे गवताचे बी भरडून टाकणारे यंत्र बनवले. ज्याची नड त्यालाच युक्ती सुचली.

मग अडते कुठे?

इलाज माहीत असूनही सगळे तो करत नाहीत, याचे कारण बाजारात आहे. गहू आणि भात यांना सरकारी हमीभावाची खात्रीची खरेदी मिळते. बरसीम किंवा सूर्यफुलाला तशी खात्री नाही. ज्याचे गिऱ्हाईक पक्के तोच माल आपणही भरतो, शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? दुसरे कारण उधारीचे. औषध उधारीवर घेणारा शेतकरी दुकानदार देईल तेच घेतो. म्हणून दुकानदाराचा शब्द इथे वजनदार ठरतो. “काम झाले नाही तर दुप्पट टाक” असे सांगून आजचा डबा विकला जातो, पण पीक बुडाले की त्या डब्याचे पैसेही बुडतात.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? आमच्या धंद्याचा कच्चा माल कापूस. तणनाशक सोसणारे कापसाचे वाण सरकारी परवानगी नसताना जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी उघडपणे पेरले. निंदणीला मजूर मिळत नाहीत, ही त्यांची अडचण खरी आहे. पण त्या वाणामागे एकच औषध आहे, ग्लायफोसेट. दरवर्षी, त्याच जमिनीवर, तेच औषध. करनालच्या गव्हाची गोष्ट इथूनच सुरू झाली होती.

एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवू नये, हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले. एकाच औषधावर शेती चालवू नये, हा त्याच तजुर्ब्याचा दुसरा भाग आहे. ज्यांचे शेतकऱ्यांशी देणेघेणे आहे त्यांनी या हंगामात एवढे करावे: गेल्या वर्षी शेतात काय फवारले, हे विचारावे आणि वहीत उधारीच्या रकमेशेजारी लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी ती नोंद रकमेइतकीच कामाला येईल.