‘हूसगाव’ : न्यायालयाचा झालेला तुरुंग

‘हूसगाव’ हा शब्द मराठी कानांवर पडला, तर तें एखाद्या खेड्याचें नांव वाटावें. वस्तुतः तो अमेरिकेच्या पश्चिम भागांतील इंग्रजी बोलभाषेंतला शब्द असून त्याचा अर्थ ‘तुरुंग’ असा आहे. परंतु त्याचें मूळ पाहूं गेल्यास तें तुरुंगांत नसून न्यायमंदिरांत सांपडतें.

स्पॅनिश भाषेंत न्यायालयाला जो शब्द आहे, त्याचा मेक्सिकन उच्चार साधारणतः ‘हुसगादो’ असा होतो. आणि घाईच्या बोलण्यांत शेवटचा ‘द’ गळून ‘हुसगाओ’ एवढेंच उरतें. अमेरिकन गुराख्यांनीं हा शब्द पुस्तकांतून नव्हे, तर कानांनीं उचलला. म्हणून इंग्रजी लेखनावरून त्याचें मूळ सहसा ओळखूं येत नाहीं.

टेक्सस १८४५ सालीं अमेरिकेच्या संघराज्यांत सामील झालें, आणि १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानें कॅलिफोर्नियासह मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे गेला. राज्य बदललें, तरी कुरणांवरचे पुष्कळ शब्द स्पॅनिशच राहिले. ‘लासो’ आणि ‘रँच’ हे त्यांतलेच. गुरें राखणारा ‘वाकेरो’ इंग्रजींत ‘बकारू’ झाला. ‘हूसगाव’ विसाव्या शतकाच्या आरंभीं छापील मजकुरांत दिसूं लागला, आणि १९२९ सालीं लॉरेल व हार्डी यांच्या एका छोट्या विनोदी बोलपटाला तेंच नांव मिळालें.

न्यायालयाचा तुरुंग झाला, याचें कारण बोलणाऱ्यांच्या अनुभवांत आहे. नशेंत दंगा करणाऱ्या गुराख्याला ‘न्यायालयांत नेलें’ काय आणि ‘कोंडलें’ काय, परिणाम एकच. गंमत अशी कीं, इंग्रजींतील ‘जज्ज’ हा शब्दही त्याच लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गें आलेला आहे. एकाच घराण्यांतील एक शब्द उच्चासनावर बसला आणि दुसरा गजांआड गेला!

मराठींतील ‘तुरुंग’ हाही शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा. पुढें अपराध्याचे पाय अडकविण्याचें लांकूड, आणि शेवटीं बंदिशाळा. ‘खोड’ आणि ‘खोडा’ या मराठी शब्दांतही हेंच नातें दिसतें.

तथापि दोहोंत एक भेद आहे. ‘तुरुंग’ शब्दांत शिक्षेच्या साधनाचें नांव शिक्षेच्या स्थानाला मिळालें, हें स्वाभाविक होय. ‘हूसगाव’मध्यें मात्र निवाड्याची जागाच शिक्षेची जागा ठरली. न्यायालयांत जाऊन निर्दोष ठरून परत येणाऱ्या माणसाला या शब्दांत स्थानच उरलें नाहीं. न्यायासनासमोर उभें राहणाऱ्या सामान्य माणसाला न्यायाविषयीं काय वाटत होतें, तें कायद्याच्या पोथ्यांपेक्षां असा एखादा हलका शब्दच अधिक स्पष्टपणें सांगून जातो.