बिनतारी प्रकाश आणि घरची तसबीर

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं माजघराच्या भिंतीवर वडील माणसांच्या तसबिरी ओळीनें लावलेल्या असतात. ज्या पणजोबांना आपण पाहिलें नाहीं, त्यांची ओळख आपणांस त्या तसबिरीनेंच होते. आणि ज्या आजीच्या मांडीवर आपण वाढलों, तिचें रूपही कालांतरानें स्मृतींतून पुसट होऊन तसबिरींतच काय तें उरतें. म्हणून घरच्या माणसाचें छायाचित्र चांगलें निघावें ही इच्छा केवळ हौस नव्हे. पुढील पिढीविषयींचें तें एक कर्तव्यच आहे. असें असतां, ज्या घरांतून आज शेकडों छायाचित्रें निघतात त्या घरांतही भिंतीवर लावण्याजोगें एक मिळूं नये, याचें कारण काय?

याचा अनुभव आम्हांस आमच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळीं आला. माझ्या पुतण्यानें नवा कॅमेरा आणला होता व त्याच्या माथ्यावर फ्लॅश बसविला होता. मातोश्री पाटावर बसल्या, लख्ख उजेड पडला आणि चित्र निघालें. संध्याकाळीं तें त्यांना दाखविलें, तेव्हां चष्मा सांवरून त्या म्हणाल्या, "अरे, ही मी नव्हेच! ही कोणी पिठांत बुडवून काढलेली बाई दिसते." आम्ही सारे हसलों, पण त्यांचें म्हणणें खरें होतें. चेहरा पांढराफटक, सुरकुत्या नाहींशा झालेल्या, नथीवर नुसती चकाकी, आणि मागें भिंतीवर काळीकुट्ट सांवली! ऐंशी वर्षांच्या आयुष्यानें त्या मुखावर जें लिहून ठेविलें होतें, तें त्या एका झोतानें पुसून टाकलें होतें.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, आणि पुतण्याचाही नव्हता. दोष होता तो उजेडाच्या जागेचा. सकाळीं खिडकींतून येणारा उजेड एका बाजूनें येतो. म्हणून नाकाची एक कड उजळते, दुसरी किंचित् अंधारते, आणि या उजेड-सांवलीच्या मेळांतूनच चेहऱ्याची घडण आपल्या डोळ्यांस कळते. उजेड पाहणाराच्याच जागेवरून निघाला, तर सांवल्या वस्तूच्या मागें दडतात व गोल वस्तूही सपाट दिसूं लागते. तेव्हां उपाय एकच : फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूस ठेवावा. मात्र तो दूर ठेविला कीं, त्यानें नेमक्या क्षणीं पेटावें कसें, हा प्रश्न उभा राहतो.

कृत्रिम उजेडाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमच्या भुकटीचें एक स्फोटक मिश्रण निघालें. अशाच भुकटीच्या उजेडांत न्यूयॉर्क येथील जेकब रीस यांनीं तेथील गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांचीं चित्रें घेतलीं आणि १८९० सालीं आपल्या ग्रंथाच्या द्वारें तेथील हलाखी लोकांपुढें मांडली. या खटाटोपांत आपण दोनदां घराला व एकदां स्वतःलाच आग लावली, असें त्यांनीं नमूद करून ठेविलें आहे. पुढें १९३० च्या सुमारास कांचेच्या गोळ्यांत बंद केलेला फ्लॅश आला. त्यानंतर अमेरिकेंत हॅरोल्ड एजर्टन यांच्या परिश्रमांनीं, वायूच्या नळींतून वीज सोडून क्षणमात्र उजेड पाडण्याची रीति पुढें आली. तारेवांचून दूरवर ठिणगी पाडण्याचा प्रयोग मात्र आपल्याच देशांत होऊन चुकला होता. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युल्लहरी धाडून दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली! आज ज्या डबीस ‘रेडिओ ट्रिगर’ म्हणतात, ती याहून निराळें तें काय करते?

या साधनाच्या डब्या दोन. एक कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खोबणींत बसते, दुसरी फ्लॅशच्या पायाशीं. कळ दाबतांच पहिली डबी बिनतारी लहरीवर एक सांकेतिक खूण पाठविते; दुसरी ती ओळखून फ्लॅशचें मंडल जोडते, आणि उजेड पडतो. लहरीस ३० मीटर अंतर तोडण्यास सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. जो काय अल्पसा विलंब होतो तो डब्यांतील यंत्रणेचा. आजच्या पुष्कळ डब्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात. घरांतील वायफायही याच पट्ट्यांत चालतें.

लांब तार लावूनही हें काम होतें. परंतु लग्नघरांत कोणाचा पाय तीत अडकून स्टँडसह फ्लॅश खालीं येईल, याचा नेम नसतो. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारी डोळस युक्तीही आहे. पण तिला आपलें-परकें कळत नाहीं, आणि पाहुण्यांपैकीं कोणीही आपला फ्लॅश उडविला कीं ती बिचारी व्यर्थ पेटते. शिवाय भर उन्हांत तिची दृष्टि मंदावते. बिनतारी लहरीस मध्यें माणूस आला किंवा साधी भिंत आली तरी सहसा अडथळा होत नाहीं. म्हणून फ्लॅश दाराआड ठेवूनही काम साधतें.

शिकाऊ माणसानें दोन नियम ध्यानांत ठेवावे. पहिला असा कीं, शटरचा वेग बहुधा १/२०० सेकंदाहून अधिक ठेवूं नये. तो मर्यादेपलीकडे गेला, तर शटरचा पडदा पुरता उघडण्यापूर्वींच दुसरा मिटूं लागतो आणि चित्रावर काळा पट्टा उमटतो. दुसरा असा कीं, अंतर दुप्पट झालें म्हणजे उजेड चतुर्थांश उरतो. येथें अंतर मोजावयाचें तें फ्लॅशपासून माणसापर्यंतचें, कॅमेऱ्यापासूनचें नव्हे. म्हणून फ्लॅश जागचा न हलवितां छायाचित्रकार चार पावलें मागें सरला, तरी मुखावरील उजेड तेवढाच राहतो.

सावधगिरीच्याही कांहीं गोष्टी आहेत. दोन्ही डब्यांवरील चॅनेलचा आंकडा एकच हवा. आणि कार्यालयांत दुसरा छायाचित्रकार असल्यास त्याच्याहून निराळा हवा, नाहीं तर एकाच्या कळीनें दुसऱ्याचा दिवा उडतो. कांहीं फार जुन्या फ्लॅशच्या टोकांवर दोनशे व्होल्टांहूनही अधिक दाब असतो. ते तपासल्याखेरीज नव्या यंत्रास जोडूं नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सेल ताजे असावेत. मुंजींतील मातृभोजनाचा घांस काय, किंवा अंतरपाट दूर होण्याचा क्षण काय, ‘पुन्हां एकदां करा’ म्हणून सांगण्याजोगा नसतो.

त्या फसलेल्या चित्रानंतर महिनाभरानें पुतण्यानें पुन्हां प्रयत्न केला. मातोश्री माजघरांत भिंतीस टेकून वाती वळीत बसल्या होत्या. त्यानें त्यांच्या डावीकडे, डोळ्यांहून थोडा उंच असा फ्लॅश उभा केला, उजेड मऊ व्हावा म्हणून त्याच्यापुढें पांढरी छत्री लावली, आणि आपण कॅमेरा घेऊन समोरच्या दारांत बसला. पहिल्या खेपेस दिवा उडालाच नाहीं. चॅनेलचे आंकडे जुळले नव्हते. ते जुळवून तो म्हणाला, "आजी, जरा खिडकीकडे बघ ना." "थांब रे, आधीं ही वात पुरी होऊं दे," असें त्या म्हणाल्या, आणि मान खालीं घालून वळीत राहिल्या. त्यानें तेवढ्यांत कळ दाबली.

त्या चित्रांत कपाळावरची प्रत्येक रेषा आहे, बोटांच्या पेरांवरील शिरा आहेत, आणि एक गाल सांवलींत आहे. तें पाहून मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत, मग एवढेंच म्हणाल्या, "ही मात्र मी खरी." पुढील मार्गशीर्षांत त्या गेल्या. आतां तीच तसबीर माजघराच्या भिंतीवर आहे. घरांतील सर्वांत धाकट्या मुलीनें त्यांना पाहिलेलें नाहीं, पण कोणी पाहुणे आले कीं ती बोट दाखवून सांगते, "ही माझी पणजी. ती वाती वळते आहे."