स्थानिक इतिहास लिहिताना : काही साधनं, काही सवयी

मंडळाकडे येणाऱ्या लेखांत माहिती भरपूर असते, पण पुष्कळदा ती लिहिण्यात हरवते. बडोद्यातला एखादा वाडा पाडला गेला, घरचं दप्तर रद्दीत गेलं, की मागे उरतो तो तुमचा लेखच. म्हणून तो दुसऱ्याला तपासता येईल असा हवा. मी मूळचा सिव्हिल इंजिनिअर, इतिहास लिहायला आपला आपणच शिकलो. त्यात जे उपयोगी पडलं, ते इथे देतो.

१. मोघम काळ नको. "हा वाडा गायकवाडांच्या काळातला" असं आपण सर्रास लिहितो. दमाजीरावांनी बडोदं घेतलं १७३४ साली, संस्थान विलीन झालं १९४९ साली. म्हणजे २१५ वर्षांतलं नेमकं कुठलं, ते कळलंच नाही! त्यापेक्षा वाड्याचा उल्लेख असलेला सर्वांत जुना कागद कुठल्या सालचा, एवढंच लिहा.

२. सालाचा ताळा घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १ जानेवारीपासून वर्षप्रतिपदेपर्यंत ७९ मिळवायचे. सुहूर सन मृगाला सुरू होतो, त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई शके १६८२च्या पौषातली, सुहूर सन ११६१. दोन्हीकडून १७६१च येतं. तिथीवरून तारीख काढायला जंत्री जवळ ठेवा.

३. जुना शब्द आजच्या अर्थाने वाचू नका. कागदात "वरात" दिसली की लग्न आठवतं, पण हिशेबाच्या कागदात ती पैसे देण्याची लेखी आज्ञा असते. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

४. कागदाचं लेखन कागदाचं, आपलं लेखन आपलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतो. उतारा देताना तो जसा आहे तसाच द्या, सुधारू नका. स्वतःच्या वाक्यांसाठी मात्र मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' हाताशी असू द्या.

५. पाहिलेलं, वाचलेलं, ऐकलेलं वेगळं ठेवा. नकाशात मोजलेलं माप आणि अंदाजाचं माप आम्ही कधी एकत्र करत नसू. लेखातही "मी पाहिलं", "अमुक कागदात आहे", "आजी सांगायची" हे तिन्ही स्पष्ट दिसू द्या. आजीची गोष्ट गाळू नका, फक्त ती आजीची आहे हे सांगा.

शेवटी, लेख पाठवण्याआधी रावपुरा कधी न पाहिलेल्या माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे "म्हणजे कुठे?" असं विचारेल, तिथे एक वाक्य वाढवायचं. आणि जिथे जांभई देईल, तिथली दोन खोडायची.