भरलेल्या जहाजातील रिकामी केबिन

सकाळी भाईंदर स्टेशनावर चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या माणसाला ‘भरलेली’ ह्या शब्दाचा अर्थ सांगायला नको. आमच्या लेखी भरलेली गाडी म्हणजे जीत आणखी दहा माणसे चढू शकतात ती! जहाजाचे मात्र तसे नाही. तेथे केबिनी मोजलेल्या, खाटा मोजलेल्या, आणि आणीबाणीच्या होड्यांतील जागाही मोजलेल्या. म्हणूनच आमच्या परिचयातील एका भाईंदरकर कुटुंबाला पडलेला प्रश्न आम्हांला विचार करण्यासारखा वाटला.

ह्या मंडळींनी सिंगापूरहून सुटणाऱ्या एका पर्यटक जहाजावर आतली, म्हणजे बिनखिडकीची केबिन घेतली होती. मुलगा, सून आणि पंचाहत्तरीची आई अशी तिघे. सफरीला महिना उरला असता कंपनीचे पत्र आले : ‘वरच्या दर्जाच्या केबिनीसाठी आपली बोली कळवा.’ चौकशी केली तो जहाज पूर्ण भरलेले! मुलगा आम्हांला म्हणाला, “काका, जागाच नाही तर ही माणसे लिलाव कशाचा करतात?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, जहाज भरले म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला विकण्याजोगी केबिन उरली नाही, एवढेच. प्रत्येक केबिनीत अखेरपर्यंत तोच प्रवासी राहील असा त्याचा अर्थ नव्हे. कोणी आजारी पडतो, कोणाचा व्हिसा अडतो, कोणाच्या घरी लग्न निघते. शिवाय कंपन्या काही तिकिटे केबिनीचा क्रमांक न देता, केवळ दर्जाची हमी देऊन विकतात. कोणाला कोठे घालायचे हे त्या मागाहून ठरवितात. त्यामुळे स्वस्त केबिनींची मागणी उतू जात असतानाही वरच्या मजल्यावर एखादे दालन मोकळे राहू शकते.

आता गंमत पाहा. समजा, असे एक आलिशान दालन रिकामे झाले. सज्जाच्या केबिनीतील जोडप्याने माणशी 20,000 रुपयांची बोली केली. ते वर गेले. त्यांच्या जागी झरोक्याच्या केबिनीतील जोडपे माणशी 8,000 देऊन आले, आणि त्यांच्या जागी आतल्या केबिनीतील जोडपे माणशी 4,000 देऊन. एक दालन रिकामे झाले. तीन कुटुंबे हलली. कंपनीच्या पदरात 64,000 रुपये पडले. वर आतली केबिन मोकळी झाली, आणि स्वस्त केबिनीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. ह्याउलट दालन तसेच राहिले तर जहाज धक्का सोडताच त्याची किंमत शून्य. शिळी भाजी निदान गुरांना घालता येते. कालची रिकामी केबिन आज कोणाच्याच उपयोगाची नाही.

ही साखळी आपल्याला अगदीच अपरिचित नाही. आपल्या रेल्वेने 2006 साली अशीच योजना सुरू केली. वरच्या वर्गात शायिका रिकाम्या असतील तर पूर्ण भाडे भरलेल्या आणि तिकीट काढताना संमती दिलेल्या खालच्या वर्गातील काही प्रवाशांना तेथे हलवावयाचे, व खाली झालेल्या जागा प्रतीक्षायादीतील लोकांना द्यावयाच्या. युक्ती तीच, फरक इतकाच की, रेल्वे ह्या बढतीचे जादा पैसे घेत नाही. जहाजकंपनीने त्याच शिडीच्या प्रत्येक पायरीवर पेटी ठेवली आहे.

भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीत खालचा डेक आणि वरचा डेक असे भेद होतेच. पण वर जायचे तर भाडे किती हे आधी ठाऊक असे. येथे भाव आपणच सांगावयाचा, आणि तोही बंद पाकिटात. ससून डॉकवर मासळीच्या लिलावात शेजारी किती म्हणाला हे कानांवर पडते; येथे ते कळत नाही. विल्यम विकरी ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली ह्या पाकिटबंद बोलींची चिकित्सा केली. त्याचे म्हणणे असे की, सर्वांत मोठी बोली करणाराला माल द्यावा, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची घ्यावी. म्हणजे प्रत्येक जण मनातला खरा आकडा निर्धास्तपणे लिहील. विकरीला 1996 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जहाजाच्या बोलीत मात्र आपण लिहू तेवढेच आपल्याला भरावे लागते. म्हणून मनातला पुरा आकडा लिहिणारा जिंकला तरी त्याच्या हाती लाभ काही उरत नाही.

लिलावाने माणसाचे भले होतच नाही असे मात्र नाही. विमानात जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली की पूर्वी कोणाला तरी जबरदस्तीने मागे ठेवीत. ज्युलियन सायमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1968 साली सुचविले की, किती मोबदल्यात थांबाल हे प्रवाशांनाच विचारा. 1978 मध्ये अमेरिकेत आधी स्वेच्छेने थांबणारे शोधण्याचा नियम झाला. तेथे बोली दुबळ्याच्या रक्षणाला आली.

तेव्हा बोलीला भिण्याचे कारण नाही. तिच्या अटी मात्र वाचाव्यात. पहिली गोष्ट, आकडा माणशी असतो, आणि हिशेब साधारणतः दोन माणसांचा. 10,000 लिहिले की 20,000 गेले. दुसरी, पडद्यावरचा ‘बोली जोरदार’ असे दाखविणारा काटा हे काही वचन नव्हे. तिसरी, बोली मान्य होईपर्यंत ती बदलता वा मागे घेता येते. मान्य झाली की पैसे कार्डावरून वळते होतात आणि परत मिळत नाहीत. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : बोलीने दर्जा मिळतो, केबिन निवडता येत नाही.

आम्ही त्या मुलाला विचारले, “तुमची आताची केबिन तुम्ही निवडली कशावरून?” तो म्हणाला, “आईचे गुडघे दुखतात. लिफ्टला लागून, जहाजाच्या मध्यावर आहे, हेलकावा कमी बसतो, म्हणून.” बोली जिंकली असती तर समुद्र दिसला असता खरा, पण सज्जा जहाजाच्या टोकालाही मिळाला असता, आणि जेवणघरापर्यंतची लांबलचक वाट आईला दिवसातून चार वेळा तुडवावी लागली असती.

आईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, “समुद्र मला डेकवर बसूनही दिसेल. लिफ्ट तेवढी जवळ असू दे.”

मुलाने बोली केली नाही. वरचा दर्जा म्हणजे जास्त सोय असे कंपनीचे कोष्टक सांगते. आपली सोय कशात आहे हे त्या कोष्टकात लिहिलेले नसते. ते घरी बसून ठरवावे, कागदावर आकडा मांडावा, आणि मगच बोलीला हात घालावा.