गाडीचे स्टिअरिंग ओरडते तेव्हा

ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदविले, त्याची समाधी आपल्या आळे गावी आहे, ही वारकऱ्यांची श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. मुक्या जनावराला बोलते करायला माउली लागली. यंत्र मात्र आपणहून बोलते, ऐकणारा हवा.

सभासद बंधू-भगिनींनो, दारातली गाडी वळताना कण्हू लागली, की "पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला" असे म्हणून आपण मोकळे होतो आणि नव्या पंपाचा हजारोंचा खर्च अंगावर घेतो. पुष्कळदा दोष निघतो तो ढिल्या क्लिपचा, कमी तेलाचा नाहीतर जुन्या बेल्टचा. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी आवाज कोणता आणि तो केव्हा येतो, एवढे नीट पाहावे.

आधी रचना समजून घेऊ. इंजिनावरच्या बेल्टने एक छोटा पंप फिरतो. तो डबीतले तेल ओढून दाबाने स्टिअरिंगकडे पाठवतो आणि चाके वळवायला आपल्या हाताला जोर देतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली अशी रचना मोटारीवर बसवून दाखवली आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ती विक्रीच्या मोटारीत आणली. आपल्याच जिल्ह्यात, वढू बुद्रुक येथे, १९८१ साली स्थापन झालेल्या झेडएफ स्टिअरिंग गिअर कंपनीने ट्रक-ट्रॅक्टरांसाठी स्टिअरिंग बनवली. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही.

आता आवाजाकडे वळू. सकाळी गाडी चालू करून वळवताच "चींऽऽ" असा कर्कश आवाज आला, तर संशय बेल्टवर. इंजिन बंद करून बेल्ट पाहावा. कडा चकाकत असतील, चिरा गेल्या असतील तर तो बदलावा. नुसता ढिला असेल तर ताणून घ्यावा. बेल्टवर तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. काही गाड्यांत याच बेल्टवर बॅटरी चार्जिंग आणि पाण्याचा पंपही चालतो. तो तुटला तर गाडी रस्त्यातच बसेल.

"हूंऽऽ" असा कण्हण्याचा आवाज येतो आणि रेस वाढवताच तोही वाढतो, तर डबीचे झाकण उघडावे. तेल खुणेखाली आहे का? त्यावर ताकासारखा फेस आहे का? फेस म्हणजे पंप हवा धरतो आहे. विहिरीवरच्या पंपाचा अनुभव आपल्याला आहेच. सक्शन पाइपाला बारीक चीर असली, तर बाहेर थेंब दिसत नाही, पण पंप हवा ओढतो. इथेही तसेच. डबीतून पंपाकडे जाणारी रबरी नळी आणि तिची क्लिप आधी तपासावी.

तेल कमी असेल तर ते गेले कुठे, हे शोधल्याशिवाय नुसते भरत राहू नये. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. तसे झालेच तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेच घालावे. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, त्याने सील फुगून निकामी होतात.

गळती बंद केल्यावर हवा काढावी. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना उटी लावावी. पुढची चाके उचलून खाली घोडी द्यावी, नुसत्या जॅकवर विसंबू नये. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. दुसऱ्याने डबीवर लक्ष ठेवून तेल भरत जावे. मग इंजिन मंद चालवून तेच पुन्हा करावे. बुडबुडे थांबले, की बहुधा कण्हणेही थांबते.

एवढे करूनही आवाज राहिला, तर डबीतली जाळी तुंबली आहे का ते पाहावे. ती साफ असेल तरच पंपाकडे वळावे आणि मेस्त्रीला "प्रेशर गेज लावून दाखवा" असे स्पष्ट सांगावे. खडबडीत रस्त्यावर "खट्खट्" वाजत असेल, तर दोष बहुधा टायरॉड किंवा बॉलजॉइंटचा. तिथे नवा पंप बसवून काहीच साधणार नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर येणारा "फुस्स" आवाज मात्र दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो, तो दोष नव्हे. पण चाक बांधाच्या चारीत रुतले असता स्टिअरिंग टोकाला दाबून धरून रेस देत राहिले, तर तेल तापते आणि पंप झिजतो. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त तसे धरू नये.

नव्या बहुतेक लहान मोटारींत तेलाऐवजी विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते. तिथे डबी नाही, तेल नाही. सूचनेचा दिवा लागला, तर गाडी जाणत्या वर्कशॉपकडेच न्यावी.

शेवटची गोष्ट जिवाची. आळेफाट्यावरून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग आहेत. इंजिन थांबले की पंप थांबतो, स्टिअरिंग दगडासारखे जड होते आणि ब्रेकची मदतही थोड्याच वेळात संपते. ट्रॅक्टरवाल्यांनी तर अधिकच जपावे. पॉवर स्टिअरिंगच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत स्टिअरिंग आणि चाके यांना जोडणारा दांडा नसतो, तेलच जोडणी करते. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असताना तेल संपले, तर काय होईल ते सांगायला नको. गळित हंगामात ट्रॅक्टर फडात घालण्यापूर्वी रोज सकाळी तेल पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्यावर आपलाच नव्हे, समोरून येणाऱ्याचाही जीव अवलंबून असतो.