विश्लेषण : पदवी पुणे विद्यापीठाची, पण शिकायचे कुठे? मावळ-लोणावळ्याच्या विद्यार्थ्यांनी कॅम्पस निवडताना काय पाहावे?

लोणावळ्याहून सकाळी सुटलेली पुण्याची लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत तळेगावला पोहोचेपर्यंत डब्यात जागोजागी कॉलेजच्या सॅक दिसू लागतात. बारावीचा निकाल लागला की या पट्ट्यातल्या घराघरांत एकच चर्चा असते, ‘जवळच्या कॉलेजात घालायचे की पुण्याच्या मोठ्या विद्यापीठात?’ मात्र अनेकदा या दोन्हींचे विद्यापीठ एकच असते. मग निवड नेमकी कशाची करायची?

विद्यापीठ आणि कॅम्पस यात फरक काय?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची हद्द पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत पसरली आहे. लोणावळ्याचे डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय किंवा तळेगावचे इंद्रायणी महाविद्यालय याच विद्यापीठाला संलग्न आहे. तिथे बीए, बीकॉम, बीएस्सी केले तरी पदवी प्रमाणपत्रावर नाव पुणे विद्यापीठाचेच येते. गणेशखिंडीतल्या ४११ एकरांच्या आवारात प्रामुख्याने पदव्युत्तर विभाग आणि संशोधन चालते. बारावीनंतर थेट प्रवेश मिळेल असे अभ्यासक्रम तिथे मोजकेच आहेत. त्यामुळे ‘विद्यापीठात शिकायचे’ हे स्वप्न बहुतेकांसाठी बारावीनंतरचे नसून पदवीनंतरचे आहे. आयुका आणि एनसीआरए याच आवारात असल्याने भौतिकशास्त्रात पुढे जाणाऱ्याला या जागेचा फायदा मोठा, पण तोही एमएस्सीच्या टप्प्यावर.

सीओईपीची गोष्ट वेगळी. १८५४ पासून चालत आलेली ही संस्था २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. इथे कॅम्पस आणि विद्यापीठ एकच, आणि पदवीही आता सीओईपीची स्वतःची. याच्या उलट टोकाला लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. राज्यभरातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. पदवीवर लोणेरे असते, पण तिथल्या विद्यार्थ्याला रायगडमधले ते आवार एकदाही पाहावे लागत नाही.

घाट उतरला की विद्यापीठ बदलते

खंडाळा पुणे विद्यापीठात, तर घाटाखालचे खोपोली मुंबई विद्यापीठात. ही सीमा कागदावरची वाटली तरी अभियांत्रिकीच्या प्रवेशात ती जाणवते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत बारावी कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीतून केली यावरून ‘होम युनिव्हर्सिटी’ ठरते आणि अनेक महाविद्यालयांतील जागांचा मोठा वाटा होम युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठी असतो. म्हणजे लोणावळ्यातून बारावी केलेल्याने मुंबईच्या महाविद्यालयाचा कटऑफ पाहताना ‘होम’चा नाही, तर ‘अदर दॅन होम’चा रकाना पाहायला हवा. (चुकीचा रकाना पाहून ऑप्शन फॉर्म भरणारे दरवर्षी भेटतात. प्रस्तुत प्रतिनिधीही एकेकाळी त्यातलाच.) सीओईपीत मात्र जागा राज्य पातळीवर भरल्या जातात.

शिवाय लोणावळा लोकल घाट उतरत नाही आणि मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंतच येते. कलिना कॅम्पस गाठायचा तर एक्स्प्रेसने दादर, तिथून पुढे सांताक्रूझ. हा रोजचा प्रवास नव्हे. मुंबई म्हणजे राहण्याची सोय आलीच.

पुण्याला रोज जाऊन-येऊन जमेल?

लोणावळा ते पुणे हे अंतर ६४ किलोमीटर. शिवाजीनगरला लोकलने साधारण सव्वा तास लागतो. सीओईपी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. गणेशखिंडीसाठी पुन्हा बस किंवा रिक्षा, तर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कर्वे रस्त्यावरील आवारासाठी शहर ओलांडून जावे लागते. घरापासून स्टेशन आणि गाडीची वाट धरली तर जाऊन-येऊन सहज चार तास जातात. पवन मावळातल्या गावातून आधी कामशेत गाठायचे असेल तर त्याहून जास्त.

खरी अडचण दुपारची. सकाळ-संध्याकाळच्या तुलनेत दुपारी लोकलमधले अंतर मोठे आहे. लेक्चर एक वाजता संपले तर घरी लवकर पोहोचण्याऐवजी स्टेशनवर बसून राहावे लागू शकते. त्यामुळे विभागाचे टाइमटेबल आणि लोकलचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. प्रॅक्टिकल सायंकाळपर्यंत चालणाऱ्या शाखेत हे गणित आणखी बिघडते.

खर्चाच्या बाजूने एक दिलासा अनेक पालकांना माहीत नसतो. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज या मार्गाचा रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो.

पाटीवरचे ‘विद्यापीठ’ सार्वजनिक आहे का?

महामार्गाने जाताना ‘विद्यापीठ’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ लिहिलेल्या पाट्या बऱ्याच दिसतात. त्यातली सगळी सार्वजनिक नाहीत. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही सवलत केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहे. सार्वजनिक विद्यापीठे आणि संलग्न महाविद्यालये त्यात येतात, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे येत नाहीत. पाटी नीट वाचली नाही तर घराला काही लाखांचा फटका बसू शकतो. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र या माफीत धरलेला नाही.

रँकिंगवर किती भिस्त ठेवावी?

एनआयआरएफच्या २०२४ च्या यादीत राज्य सार्वजनिक विद्यापीठांत पुणे विद्यापीठ देशात तिसरे होते. या मूल्यांकनात अध्यापन-साधनांना ३० आणि संशोधनाला ३० टक्के भार असतो. हे गुण विद्यापीठाचे, तुमच्या तालुक्यातल्या संलग्न महाविद्यालयाचे नव्हेत. नॅकचेही तसेच आहे. महाविद्यालयाची श्रेणी वेगळी असते आणि तिची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे लागते. क्षेत्रफळाचेही फार मनावर घेऊ नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे आवार ८५३ एकरांचे, म्हणजे पुण्याच्या दुप्पट. पण तुमचा विभाग एका इमारतीत असतो आणि तिथे शिकवायला माणसे आहेत की नाहीत, हा प्रश्न उरतोच.

कॅम्पस पाहायला गेल्यावर काय विचाराल?

रविवारी जाऊ नका. तेव्हा आवार सुंदरच दिसते. कामाच्या दिवशी, लोकलनेच जा. विभागात मंजूर पदे किती आणि त्यातले नियमित प्राध्यापक किती, हे थेट विचारा. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत रिक्त पदांचे दुखणे जुने आहे. वसतिगृह ‘आहे का’ असे विचारू नका, गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या किती जणांना मिळाले ते विचारा. लोणावळा-तळेगावच्या मुलांना ‘जवळचे’ म्हणून यादीत खाली टाकतात का, हेही. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम कोणत्या वेळेत असते, अभ्यासिका रात्री किती वाजता बंद होते, हे कार्यालयापेक्षा कँटीनमध्ये बसलेले दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नेमके सांगतात. त्यातला एखादा मावळातून रोज येणारा असेल, तर पावसाळ्यात लोकल रखडल्यावर हजेरीचे काय होते, ते त्यालाच विचारा.