कोळशासाठी उठलेली बंदी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाईंदरजवळचे नवघर म्हणजे आगरी वस्तीचे, खाडीकाठचे, मिठागरांचे गाव होते. मीठ पिकायला कोळसा लागत नाही, भरतीचे पाणी आणि ऊन पुरते. भाईंदर स्टेशनातून मुंबईकडे जाणारी लोकलही कोळशावर धावत नव्हती. बीबीसीआय रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने, चर्चगेट-बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण १९२८ मध्ये केले आणि १९३६ मध्ये विजेच्या तारा विरारपर्यंत पोचल्या. वीज टाटांची, म्हणजे सह्याद्रीच्या पावसाची. त्या काळी जीआयपीच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, लोकल मात्र ठाकुर्लीच्या चोळा वीजघरावर चालत आणि ते वीजघर कोळशावर. थोडक्यात, कल्याणकर कोळशावर प्रवास करत होते आणि भाईंदरकर पाण्यावर. विरारच्या पुढे मात्र बीबीसीआयलाही वाफेच्या इंजिनाशिवाय गत्यंतर नव्हते.

भाईंदरला कोळसा नसला तरी चाले, मुंबईला मात्र तो लागेच, आणि त्याची टंचाई तिला नवी नव्हती. गिरण्यांची धुरांडी पेटायची ती बंगाल-बिहारच्या कोळशावर, आणि तो कलकत्त्याहून जहाजाने अर्ध्या हिंदुस्थानला वळसा घालून येई. आगबोटींसाठी वेल्सचा उंची कोळसा येई. पुढे नाताळचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचाही येऊ लागला. पहिल्या महायुद्धात सरकारने जहाजे लढाईच्या कामाला लावली, कोळसा रेल्वेवर आला आणि रेल्वेची कंबर मोडली. त्या वेळी मुंबई थोडीफार तरली ती खोपोलीमुळे. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर विलिंग्डन यांच्या हस्ते तिथले टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. पण ही वीजही फुकटची नव्हती. पुढच्या टप्प्यात मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी सत्याग्रहाला बसले. कोळशाला पर्याय म्हणून आलेल्या विजेची किंमत मावळातल्या माणसांनी मोजली. हा हिशेब कंपन्यांच्या ताळेबंदात कुठे दिसत नाही.

दुसऱ्या युद्धातली टंचाई वेगळ्या जातीची होती. जमिनीखाली कोळसा भरपूर होता, पण तो काढणारी माणसे नव्हती.

हे ब्रिटनमध्ये आधी घडले. खाणीतले तरुण सैन्यात गेले किंवा जास्त मजुरी देणाऱ्या शस्त्रास्त्र-कारखान्यांत गेले. १९३९ मध्ये तिथे सुमारे २३ कोटी टन कोळसा निघत होता, १९४५ पर्यंत तो १८ कोटींच्या आसपास उतरला. मजूरमंत्री होते अर्नेस्ट बेव्हिन. लहान वयात शाळा सुटलेला, शेतावर राबलेला आणि पुढे देशातली सर्वांत मोठी कामगार संघटना उभारणारा माणूस. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी चिठ्ठ्यांचा मार्ग काढला. टोपीतून एक आकडा काढायचा आणि सक्तीच्या भरतीसाठी नोंदलेल्या ज्या तरुणाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा तोच असेल, त्याला सैन्याऐवजी खाणीत धाडायचे. वकिलाचा मुलगा असो की हमालाचा, सुटका नाही. या ‘बेव्हिन बॉईज’ना गणवेश मिळाला नाही, पदके मिळाली नाहीत. धडधाकट तरुण साध्या कपड्यांत रस्त्यावर दिसला की लोक त्याला पळपुटा समजत. युद्ध संपले तरी त्यांची सुटका झाली नाही. ही योजना १९४८ पर्यंत चालली आणि एकूण सुमारे ४८ हजार तरुण तिच्यात गेले. सरकारला त्यांच्यासाठी बिल्ला काढायची आठवण २००८ मध्ये झाली.

हिंदुस्थानात बेव्हिन यांचे नाव पोचले होते ते निराळ्या कारणाने. इथले कारागीर तांत्रिक शिक्षणासाठी ब्रिटनला पाठवण्याची योजना त्यांच्याच नावाने चाले, त्यामुळे तिकडून शिकून आलेला फिटर-टर्नर इथे ‘बेव्हिन बॉय’ म्हणून मिरवायचा. तिकडे शिक्षेसारखी वाटणारी पदवी इकडे नोकरीच्या अर्जात अभिमानाने लिहिली जाई.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून आले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुंबईचा कामगार त्यांना परका नव्हता. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, आणि १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. दिल्लीत त्यांच्या खात्यात मजूर कल्याण सल्लागार म्हणून काम पाहत होते र. शि. निंबकर, मेरठच्या कम्युनिस्ट कट खटल्यातले एके काळचे आरोपी आणि गिरणगावचे पुढारी. सरकारने एकेकाळी ज्याला तुरुंगात टाकले, त्यालाच आता कामगारांच्या कल्याणाचा सल्ला विचारायला घेतले. युद्धात असे चमत्कार घडतात.

आंबेडकरांसमोरचा पेच असा होता. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्यावर पूर्व भारतात विमानतळ, रस्ते, छावण्या यांची कामे धडाक्याने निघाली. उघड्यावरचे काम आणि मजुरी जास्त, मग जमिनीखाली कोण जाणार? बिहार-बंगालमधल्या झरिया-राणीगंजच्या खाणींतून माणसे निघून गेली. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीला पूर आला आणि कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग तुटला. त्याच वर्षी बंगालचा दुष्काळ. देशातले उत्पादन १९४२ मधल्या सुमारे २ कोटी ९४ लाख टनांवरून वर्षभरात सुमारे २ कोटी ५५ लाखांवर घसरले. गोरखपूरहून मजुरांच्या तुकड्या भरून आणल्या, त्यांना छावणीत ठेवले, तरी भागेना. आणि मग सरकारची नजर बायकांकडे गेली.

भारतीय खाणीत बाई नवी नव्हती. काम जोडीने चाले. नवरा गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या, तोंडाशी गैंतीने कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन, चढ चढत टबापर्यंत, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या डब्यापर्यंत, न्यायची. मजुरी टबावर मोजत. रिकामा टब वेळेवर आला नाही, तर दोघे अंधारात दिव्याच्या उजेडात बसून राहणार आणि त्या वेळेचे पैसे नाहीत. कोळशाच्या मुलखात अशा मजूर बाईला ‘कामिन’ म्हणतात. ब्रिटनने आपल्या बायकांना १८४२ मध्येच खाणीबाहेर काढले होते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९३५ मध्ये तसा करार केला आणि भारतात १९३७ च्या ऑक्टोबरपासून स्त्रियांना जमिनीखाली उतरायला पूर्ण बंदी झाली. बंदी योग्यच होती, पण जोडीतला एक हात एकदम गेला, घरातली निम्मी कमाई गेली, आणि ती भरून काढायची सोय कोणी केली नाही.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये ही बंदी उठली. सुरुवात झाली मध्य प्रांत-वऱ्हाडापासून, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरून. त्या प्रांताच्या खाणी दोन पट्ट्यांत होत्या. एक छिंदवाड्याचा पेंच-कान्हान पट्टा आणि दुसरा वर्धा नदीचे खोरे, म्हणजे चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यातले बल्लारपूर-घुग्घुस. वरोरा आज आपल्याला माहीत आहे ते आनंदवनामुळे, पण वर्ध्याहून तिथे रेल्वे गेली ती सरकारी कोळसा खाणीसाठी. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. चांद्याच्या कोळशात राख आणि ओल जास्त, झरियाच्या कोळशापुढे तो डावा, आणि ढिगात पडला की आपोआप तापून पेटायची खोड त्याला आहे. पण युद्धात कोण नाक मुरडणार? त्यातून मध्य प्रांताच्या खाणी मुंबईच्या वाटेवर होत्या, कलकत्त्याइतका वळसा नव्हता. वर्ष संपण्यापूर्वी ही सूट बंगाल आणि बिहारलाही लागू झाली.

गदारोळ झाला. अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला, ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात आंबेडकरांना याचे उत्तर द्यावे लागले. त्यांचा युक्तिवाद तोलून-मापून होता. सूट तात्पुरती आहे, युद्धाची निकड आहे, ठेंगण्या गॅलऱ्यांत बायकांना घालायचे नाही, आणि पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी द्यायची. एखाद्या उद्योगात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान दाम हे तत्त्व आपल्याकडे प्रथमच मान्य होत आहे, हा मुद्दा त्यांनी ठासून मांडला.

मुद्दा खरा होता आणि पेचही खराच. आंबेडकरांच्या चाहत्यांना हा प्रसंग थोडा अडचणीचा वाटतो आणि टीकाकारांना फार सोयीचा. पण त्याआधीच्या डिसेंबरात, म्हणजे लंडनमध्ये टोपीतून आकडे निघत होते त्याच महिन्यात, हा मजूरमंत्री झरियाच्या खाणीत ४०० फूट खाली उतरला होता, मजुरांच्या धौऱ्या, म्हणजे राहत्या खोल्या, पाहून आला होता. त्यानंतर जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टनावर उपकर आणि त्यातून पाणी, घरे, दवाखाने. खाणीतल्या बायकांच्या बाळंतपण-लाभाच्या कायद्यात १९४५ मध्ये दुरुस्ती झाली आणि जमिनीखाली काम करणाऱ्या बायकांना जास्त रजा मिळाली. बंदी उठवल्याची भरपाई यातून झाली का, हा वादाचा विषय. एवढे मात्र नक्की, की खाणमालक इतक्या दिवसांत यातले काहीही आपणहून करायला पुढे आले नव्हते.

खाण कामगाराचे घर आतून कसे होते, हे आज कळते ते आणखी दोन मराठी नावांमुळे. फेब्रुवारी १९४४ मध्ये सरकारने द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली. तिच्यातर्फे कोळसा खाणींचा अहवाल लिहिला एस. आर. देशपांडे यांनी, तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. मजुरी, कर्ज, घरे, पाणी, मुलांचे हाल, सगळे त्यात नोंदले आहे. सरकारी अहवाल सहसा कोणी हौसेने वाचत नाही, हा अपवाद ठरावा. कोळशाच्या भावाचे आकडे हवे तेवढे मिळतात, तो फोडणाऱ्याच्या चुलीवर काय शिजत होते ते इथे सापडते.

१ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. ब्रिटनने १ जानेवारी १९४७ ला आपल्या कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात घेतल्या. भारताला त्यासाठी १९७० चे दशक उजाडावे लागले. चांद्याच्या आणि पेंच-कान्हानच्या खाणी आता नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहेत. १९५२ च्या खाण कायद्यातही स्त्रियांना जमिनीखाली बंदीच राहिली. ती सैल झाली २०१९ मध्ये, तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांपुरती, सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत, आणि बाईची लेखी संमती घेऊन.